नंदुरबारचा बालमृत्यू नकाशा कसा बनवायचा आन् वापरायचा

जिल्ह्याचा एकच आकडा घेऊन प्लॅनिंग करू नका, त्यात शहाद्याचं सपाट बागायती गाव आणि धडगावचा डोंगरातला पाडा एकाच मापात जातो. आधी वर्षाच्या आत गेलेल्या बाळांची नोंद काढा, पण गाव आईचं धरा हॉस्पिटलचं नाही, नाहीतर सगळे मृत्यू नंदुरबार सिव्हिलवरच दिसतात आणि पाडा कोरा राहतो. मग दर हजार जिवंत जन्मांमागे किती ते काढा, एका आरोग्य उपकेंद्राच्या हद्दीत जन्मच कमी असतात म्हणून ३ ते ५ वर्षं एकत्र घ्या.

आता खरं काम, वय बघा. २८ दिवसांच्या आत जास्त जात असतील तर तिथं बाळंतपण, उबदारपणा, एसएनसीयूपर्यंतची (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षापर्यंतची) गाडी हे आधी. नंतर जास्त असतील तर न्यूमोनिया, जुलाब, लसी, कुपोषण.

नकाशावर अंतर किलोमीटरमध्ये नको, पावसाळ्यात लागणारे तास टाका, कारण झोळीत घालून आणलेल्या बाईला किलोमीटर विचारून काय उपयोग? लांबच्या पाड्यांसाठी माहेरघर (बाळंतपणाआधी दवाखान्याजवळ येऊन राहायची सोय), नर्मदाकाठी बोट अँब्युलन्स. आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला, गुजरातला गेलेल्या घरांची यादी आशाताईंकडून वेगळी घ्या, त्यांची बाळं बऱ्याचदा नोंदीतच येत नाहीत.