पुट ऑफ म्हणजे कॅन्सल नव्हे, फ्रेझल व्हर्ब समजून घ्यायची सोपी पद्धत

माझ्या भाचीला मेसेज आला की इंटरव्ह्यू सोमवारपर्यंत पुट ऑफ केलाय, आणि पोरगी रडायलाच लागली, तिला वाटलं गेलं सगळं. अगं, पुट ऑफ म्हणजे नुसतं पुढं ढकललं. रद्दच केला असता तर कॉल ऑफ म्हणले असते. आपल्या सांगलीतली मराठी मीडियमची हुशार पोरं असल्या बारक्या शब्दांपाशी अडतात याचं लय वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आधी फ्रेझल व्हर्बची, म्हणजे क्रियापदामागं अप, ऑफ, आउट असला बारका शब्द लागून होणाऱ्या जोड्यांची, ती पाठ करायची लांबलचक यादी बाजूला ठेवा. हा प्रकार आपल्याला नवा नाहीच. 'खा' आणि 'खाऊन टाक', 'बोलला' आणि 'बोलून बसला' यातला फरक आपल्याकडं लहान पोरालाही कळतो, कुणी शिकवलेला नसतो. इंग्रजीत तसंच काम मागचा अप, ऑफ, आउट करतो. ईट अप म्हणजे खाऊन टाक, यूज अप म्हणजे वापरून संपवून टाक. तिथल्या अपचा वर जाण्याशी काही संबंध नाही, तो आपला 'टाक' आहे असं समजून वाचा, बरीच वाक्यं आपोआप सुटतील.

ऑफमध्ये बऱ्याचदा तुटणं किंवा लांब जाणं असतं. मिरज स्टेशनला पाहुण्यांना गाडीत बसवून निरोप देतो ते सी ऑफ. 2019 च्या पुरात नदीकाठच्या गावांचे रस्ते पाण्याखाली गेले, गावं कट ऑफ झाली.

एसटीत चढताना गेट ऑन, उतरताना गेट ऑफ, पण रिक्षा आणि कारला गेट इन, गेट आउट. खूण अशी की ज्या गाडीत उभं राहून चालता येतं तिला ऑन, जिच्यात वाकून शिरावं लागतं तिला इन. टू-व्हीलरला ऑनच, कारण आपण वर बसतो.

लुक तर चार ठिकाणी चार अर्थ देतो: लुक फॉर शोधणं, लुक आफ्टर सांभाळणं, लुक इनटू चौकशी करणं, लुक डाउन ऑन कमी लेखणं. हे मात्र वाक्यात घालूनच लक्षात राहतात, स्वतःच्या घरातलं वाक्य करा, आजी बाळाला लुक आफ्टर करते असलं काहीतरी.

एक चूक सगळ्यांची होते. टर्न ऑफ द फॅन बरोबर, टर्न द फॅन ऑफ पण बरोबर, पण फॅनच्या जागी इट आलं की ते मधेच बसतं, टर्न इट ऑफ. टर्न ऑफ इट म्हणायचं नाही. लुक आफ्टर मात्र फोडायचं नाही, लुक आफ्टर इट असंच.

आणि कुठं काय वापरायचं ते बघा. पुट अप विथ म्हणजे 'खपवून घेणं', टॉलरेट म्हणजे 'सहन करणं', बोलीतला आणि पुस्तकी शब्द यात जेवढं अंतर तेवढंच. मित्राशी बोलताना पुट ऑफ बिनधास्त वापरा, ऑफिसच्या अर्जात पोस्टपोन लिहा.