खान्देशी उन्हाळ्यात मोबाईल, पॉवर बँक आणि टॉर्च कसे सांभाळावेत

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. आपण डोक्याला रुमाल बांधतो, बाहेरची कामं सकाळीच उरकतो. मोबाईल मात्र शर्टाच्या खिशात, गाडीच्या हँडलवर नाहीतर पत्र्याच्या खोलीत तापत राहतो. ॲपल आणि सॅमसंग या दोन्ही कंपन्या आपले फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगतात. होळी झाली की आपल्याकडची दुपार ही मर्यादा ओलांडते, ती थेट पाऊस पडेपर्यंत. नवा फोन वर्षभरात सकाळचा चार्ज संध्याकाळपर्यंत पुरवेनासा झाला, तर कारण आधी इथे शोधावं.

आधी चार्जिंगची वेळ बदला. फोन आणि पॉवर बँकेतली लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना स्वतःही गरम होते. त्यात खोलीची उष्णता मिळाली की आतली रसायनं झपाट्याने खराब होतात आणि गेलेली क्षमता परत येत नाही. म्हणून फोन आणि पॉवर बँक पहाटे लावा, हवा त्यातल्या त्यात थंड असते तेव्हा. दुपारी लावणं भागच असेल तर धाब्याच्या घरात किंवा खालच्या मजल्यावर, मागचं कव्हर काढून, उघड्या फरशीवर ठेवा. गादीवर किंवा उशीखाली नको. कूलरच्या वाऱ्यात थोडं लांब ठेवलं तर चालेल. कूलरच्या अंगावर किंवा टाकीच्या काठावर ठेवू नका, तिथे उडणारे तुषार चार्जिंगच्या खाचेत जातात.

सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर उन्हाळ्यापुरती चालू करा. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत जास्त झिजते. ४० अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेल्या लिथियम-आयन सेलची क्षमता साधारण ६५ टक्क्यांवर येते, तर ४० टक्के भरून ठेवलेल्याची ८५ टक्क्यांच्या आसपास टिकते. कपाटात पडून असलेला जुना फोन किंवा पॉवर बँक म्हणूनच अर्धी भरून ठेवायची.

मग प्रवासाकडे बघा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी जाताना किंवा लग्नाच्या गर्दीत सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मोटारसायकलवर. हँडलला फोन अडकवलेला, नकाशा चालू, पडदा पूर्ण उजेडावर, खालून चार्जिंगची वायर आणि वरून धुळे रस्त्याचं ऊन: एवढा ताप कोणत्याच फोनने सोसू नये. यातली निदान वायर तरी काढा. रस्ता आधी बघून घ्या, नकाशा कानात ऐका आणि फोन पाठीवरच्या पिशवीत कपड्यांच्या मध्ये ठेवा. स्कूटरच्या डिकीत मोबाईल, इअरबड किंवा पॉवर बँक ठेवू नका, कारण खाली इंजिन असतं आणि वर सीट तापते. उन्हात उभ्या चारचाकीच्या डॅशबोर्डचंही तसंच.

फोन तापलाच तर वायर काढा, कव्हर काढा, बंद करून सावलीत पंख्याखाली ठेवा. फ्रीजमध्ये किंवा माठाला टेकवून ठेवायचा मोह आवरा. गरम वस्तू एकदम गार केली की आत दव धरतं, आणि ते बाहेरून पुसता येत नाही. थोडा निवला की मगच चार्जिंगला लावा. चार्जिंग आपोआप थांबलं किंवा पडदा मंद झाला, तर फोन स्वतःला वाचवतोय असं समजा.

पॉवर बँक घेताना डब्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. १०,००० एमएएच (मिलीअँपिअर-तास, साठवणीचं माप) हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. बाहेर ५ व्होल्टने वीज देताना तोच ७,४०० होतो आणि रूपांतरात आणखी थोडी गळती होते. हाती साधारण ६,००० ते ६,५०० पडतात. ‘रेटेड कॅपॅसिटी’, म्हणजे प्रत्यक्ष बाहेर मिळणारी क्षमता, बारीक अक्षरात लिहिलेली असते, ती वाचा. मागे बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवाच. दुकानात उभ्या उभ्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकून बघा, नाव जुळलं नाही तर माल परत ठेवा. बाजाराच्या दिवशी हातगाडीवर मिळणारी स्वस्त पॉवर बँक आपल्या उन्हात घरात ठेवणं मला धोक्याचं वाटतं.

टॉर्चची तऱ्हा वेगळी. केळीला ठिबक असलं तरी शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की मोटार बघायला जावं लागतं. विंचू-साप दिसायचा तो टॉर्चच्याच उजेडात. इथे बॅटरी कोणती आहे ते आधी बघा. वजनदार टॉर्चवर किंवा इमर्जन्सी दिव्यावर ४ व्होल्ट लिहिलेलं असेल तर ती बहुधा लेड-ॲसिड बॅटरी. तिला लिथियमचा उलटा नियम लावायचा: रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि ती चार्ज धरेनाशी होते. वापरून आलात की त्याच दिवशी भरा, आणि पावसाळ्यात वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्जिंगला लावा. ३.७ व्होल्ट लिहिलेली हलकी टॉर्च किंवा डोक्याला लावायचा दिवा मोबाईलसारखाच सांभाळा.

एक तपासणी महिन्यातून एकदा कराच. फोन किंवा पॉवर बँक सपाट टेबलावर ठेवा आणि बोटाने एका कडेला दाबून बघा. डुलत असेल, पडद्याची कड उचकली असेल किंवा झाकणाला फट दिसत असेल तर बॅटरी फुगली आहे. त्या क्षणापासून चार्जिंग बंद. टोचू नका, दाबून बसवू नका, उकिरड्यावर किंवा शेकोटीत टाकू नका. पत्र्याच्या किंवा मातीच्या भांड्यात, जळेल अशा वस्तूंपासून लांब, सावलीत ठेवा आणि लवकरात लवकर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. लहान मुलांच्या हाती तो फोन गेम खेळायला जाणार नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.