शास्त्रज्ञाचं काम जोखायचं कसं: एका पाच पानी निबंधाचा माग

एम.एस्सी.च्या सेमिनारला माझ्या एका विद्यार्थिनीनं पहिल्याच स्लाइडवर एका शास्त्रज्ञाचे आकडे मांडले. इतके पेपर, इतकी सायटेशन्स (इतरांच्या पेपरांत आलेले उल्लेख), एच-इंडेक्स (निदान तितकेच उल्लेख मिळालेले पेपर किती, तो आकडा) इतका. मी विचारलं, "पण यांनी शोधलं काय?" ती गप्प झाली. चूक तिची नव्हती, मोजणी सोडून आम्ही तिला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी मुलांना एक पद्धत लावून दिली. जैविक घड्याळाच्या उदाहरणावरून ती सांगते, कारण तो इतिहास मला मनापासून आवडतो.

आधी वहीत एकच वाक्य लिहा: या कामाआधी काय ठाऊक नव्हतं आणि नंतर काय ठाऊक झालं. माणसाचं नाव नको, 'क्रांतिकारी' वगैरे विशेषणं नकोत. माझं वाक्य असं होतं: 'शरीराचं रोजचं घड्याळ एखाद्या जनुकावर चालतं का, हे ठाऊक नव्हतं, 1971 मध्ये तसं एक जनुक कुठे बसतं ते कळलं.' असं वाक्य जमत नसेल तर पुढे जाऊ नका, पुन्हा वाचायला बसा.

मग मूळ निबंध काढा. त्याच्यावर इतरांनी लिहिलेलं नंतर वाचा. अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेतले रॉन कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांचा हा निबंध जेमतेम पाच पानांचा आहे. आधी आलेख बघा, मजकूर मागून. फळमाशी कोषातून बाहेर पडते ती साधारण पहाटेच्या सुमारास, आणि अंधारात ठेवली तरी ही वेळ साधारण 24 तासांच्या चक्रानं येत राहते. कोनोप्कानं रसायन देऊन जनुकांत बदल घडवले आणि वेळ चुकवणाऱ्या माश्या शोधल्या. तीन वाण हाती लागले: एकाचं चक्र 19 तासांचं, दुसऱ्याचं 28 तासांचं, तिसऱ्याला चक्रच नाही.

इथे घाई करू नका. नुसतं बंद पडलेलं घड्याळ सापडलं असतं, तर माशी आजारी असेल असं म्हणता आलं असतं. पण एक वाण पुढे धावतो, एक मागे पडतो, एक थांबतो, आणि तिन्ही बिघाड एक्स गुणसूत्रावर एकाच जागी! म्हणजे ते जनुक घड्याळाचाच भाग असणार. हे मी दर वर्षी फळ्यावर काढायची आणि दर वर्षी इथे हात थांबायचा. त्या जनुकाचं नाव 'पिरियड'.

आता गूगल स्कॉलरवर त्या निबंधाचा उल्लेख करणारे पेपर उघडा. किती आहेत ते पाहू नका, उल्लेख कोणत्या वाक्यात आलाय ते वाचा. प्रस्तावनेत जाता जाता नाव घेतलं असेल, तर बाजूला ठेवा. त्या माश्या किंवा ती रीत वापरली असेल, तर पेन्सिलीनं खूण करा. त्या कामातून उठलेला प्रश्न पुढे सोडवला असेल, तर लाल खूण.

माझ्या लाल खुणा अशा आहेत. 1984 मध्ये ब्रँडाइस विद्यापीठात जेफ्री हॉल आणि मायकल रॉसबॅश यांनी, आणि वेगळेपणानं रॉकफेलर विद्यापीठात मायकल यंग यांनी, पिरियड जनुक वेगळं काढलं. 1990 मध्ये पॉल हार्डिननं हॉल-रॉसबॅशबरोबर दाखवलं की या जनुकाचा आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी काढलेली जनुकाची नक्कल) दिवसभरात वरखाली होतो आणि त्याच्यापासून बनणारं प्रथिनच त्याला आवर घालतं. 1994 मध्ये यंग यांच्या प्रयोगशाळेतून घड्याळाचं आणखी एक जनुक, 'टाइमलेस', आलं. त्या कामात दिल्लीत शिकलेल्या अमिता सेहगल होत्या. 1998 मध्ये 'डबलटाइम', म्हणजे पिरियड प्रथिनाला फॉस्फेट जोडणाऱ्या किनेजचं (एका एन्झाइमचं) जनुक.

यानंतरची पायरी मुलं नेमकी गाळतात: शोध एका प्राण्यातून दुसऱ्यात गेला का, ते तपासा. 20 तासांचं चक्र असलेला एक हॅमस्टर (उंदरासारखा प्राणी) 1988 मध्येच नोंदला गेला होता. 2000 मध्ये त्याचा बिघाड सापडला, तो सस्तन प्राण्यांतल्या डबलटाइमच्याच भावंड-जनुकात. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या एका कुटुंबाचं कोडं सुटलं, ज्यातली माणसं संध्याकाळीच पेंगत आणि पहाटेच्या खूप आधी जागी होत. त्यांच्यात माणसातल्या पिरियड-2 जनुकात एक अक्षर बदललेलं होतं. माशीच्या कोषापासून माणसाच्या झोपेपर्यंत तीस वर्षं! मात्र वहीत 'कारण कळलं' आणि 'उपचार मिळाला' असे दोन वेगळे रकाने आखा. यूटाचा शोध पहिल्या रकान्यात बसतो. तो दुसऱ्यात ढकलणं म्हणजे रुग्णाची फसवणूक.

आकडे आणि पारितोषिकं अगदी शेवटी. एच-इंडेक्स पेपरांच्या संख्येपलीकडे जाऊच शकत नाही, त्यामुळे मोजकंच लिहिणाऱ्याचा तो लहानच राहतो. कोनोप्काचे निबंध थोडे. कॅलटेकमध्ये त्याला प्राध्यापकीची कायम नेमणूक मिळाली नाही. बेंझर 2007 मध्ये गेले, कोनोप्का 2015 मध्ये. 2017 चं नोबेल हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना मिळालं. तिघांचा हक्क पूर्ण आहे, पण फक्त नोबेलची यादी पाहणाऱ्याला कोनोप्का दिसणारच नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

त्या मुलीनं सेमिनार पुन्हा दिला. या वेळी पहिल्या स्लाइडवर तीन आलेख होते: 19 तास, 28 तास, आणि एक सपाट.