काकांच्या डब्यातली ब्रिटिश नाणी

लेस्टरला काकांचं घर आवरताना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. आत 1971 च्या दशमान पद्धतीआधीची पेनी, शिलिंग, हाफ क्राउन, सगळी सरमिसळ. मी उत्साहाच्या भरात एक पेनी चिंचेने घासली. ती लखलखली, पण वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी रंग गेला तो गेलाच. नाणी घासू नका, अगदी कळकळीने सांगतो.

आधी राजाराणीप्रमाणे लावत बसलो आणि गोंधळलो. मग पांढरी नाणी सालावरून तीन वाट्यांत टाकली: 1920 पूर्वीची 92.5 टक्के चांदीची, 1920 ते 1946 ची निम्म्या चांदीची, आणि 1947 पासूनची बिनचांदीची. निम्मं काम तिथेच झालं.

पेनींना भिंग लागलं. 1919 च्या एका पेनीवर, ब्रिटानियाच्या, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेल्या बसलेल्या स्त्रीच्या, पायाखाली, सालाच्या डावीकडे बारीक ‘केएन’ दिसलं. ही बर्मिंगहॅमच्या किंग्ज नॉर्टनमध्ये पाडलेली! ती वेगळ्या पाकिटात ठेवली.

सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो ते 1948 आणि 1949 च्या पेनी शेजारी ठेवून. पहिलीवर ‘इंड इम्प’, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट. दुसरीवर ती अक्षरंच नाहीत. बोट फिरवून पुन्हा पुन्हा खात्री केली.