बँक्सियाला मूळकुजीपासून वाचवण्यासाठी फॉस्फाइटचा वापर

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागात बँक्सिया (तेथील देशी फुलझाडे व झुडपे), जॅरा (निलगिरीच्या जातीचा वृक्ष) आणि ग्रास ट्री (गवतासारख्या पानांचे झाड) यांची मुळे कुजवणारा फायटोप्थोरा सिनॅमोमी ही खरी बुरशी नव्हे. ओल्या मातीत पोहत जाणाऱ्या बीजाणूंनी पसरणारी ती जलबुरशी, म्हणजे बुरशीसारखा दिसणारा वेगळा सूक्ष्मजीव आहे. त्या प्रदेशातील 40 टक्क्यांहून अधिक देशी वनस्पती तिला बळी पडू शकतात. मोठ्या क्षेत्रात एकदा शिरलेला हा रोग मातीतून काढून टाकता येत नाही, म्हणून सारा भर झाडांवरच द्यावा लागतो.

त्यासाठीचे मुख्य औषध फॉस्फाइट होय. ते झाडात वर आणि खाली, दोन्ही दिशांना वाहते, मुळांपर्यंत पोहोचते आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करते. खतातील फॉस्फेटशी त्याची गल्लत मुळीच करू नये, कारण स्फुरद कमी असलेल्या मातीत वाढलेल्या बँक्सियाला फॉस्फेट अपायकारक ठरते. वाळलेले झाड औषधाने परत येत नाही; त्यामुळे रोगाची सीमा जिथवर आली असेल, तिच्या पुढची निरोगी झाडे आधी हाती घ्यावीत, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

मोठ्या झाडांना इंजेक्शन द्यावे. बुंध्याच्या घेरावर दर 20 सेंमी अंतरावर रसवाहक लाकडापर्यंत बारीक छिद्र पाडून, स्प्रिंगच्या सिरिंजने साधारण 5 टक्के तीव्रतेचे 20 मिली द्रावण सोडावे. झाड जोमाने पाणी ओढत असेल तेव्हा, म्हणजे जमिनीत ओल असताना आणि कडक ऊन नसताना, द्रावण लवकर आत जाते; उन्हाळ्यात पाण्याच्या ताणाखाली असलेल्या झाडाला टोचू नये.

झुडपांवर सुमारे 0.5 टक्के द्रावण स्टिकर (पानांना औषध चिकटवून ठेवणारा पदार्थ) मिसळून पाने पूर्ण भिजतील असे फवारावे. पाऊस येण्याची चिन्हे असतील तर फवारणी पुढे ढकलावी. बँक्सिया ब्राउनीसारख्या दुर्मीळ प्रजातींच्या दुर्गम जागांवर विमानातूनही फवारणी केली गेली आहे.

मात्रा वाढवण्याचा मोह टाळावा. जास्त फॉस्फाइटने पाने करपतात आणि मातीत उतरलेल्या फॉस्फाइटचे कालांतराने फॉस्फेट होते. संवेदनशील प्रजातींची आधी थोड्या झाडांवर चाचणी घ्यावी, आणि औषधाच्या वापर-परवान्यातील सूचना तंतोतंत पाळाव्यात. परिणाम काही वर्षेच टिकतो, म्हणून तारीख आणि मात्रा नोंदवून उपचार पुन्हा करावा. प्रत्येक जागेवर जाण्यापूर्वी आणि तेथून निघताना बूट, चाके व अवजारे यांवरची माती खरवडून काढावी आणि मग ही साधने मेथिलेटेड स्पिरिटने निर्जंतुक करावीत.