मार्लबरोला द्राक्षं शिकायला जाताय? मग आधी छाटणीपासून दिवस मोजणं सोडा

न्यूझीलंडला विटिकल्चर (द्राक्षशेतीचं शास्त्र) शिकायला किंवा सीझनच्या कामाला यायचंय म्हणून निफाड, दिंडोरी, तासगावकडची पोरं मला मेसेज करत असतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न फी आणि व्हिसाचा असतो. त्यावर मी इथे काही बोलणार नाही. नियम सारखे बदलतात, सरकारी साइट स्वतः वाचा, आणि जो एजंट "तुम्ही फक्त पासपोर्ट द्या, बाकी मी बघतो" म्हणतो त्याच्यापासून चार हात लांब राहा. मला बोलायचंय ते हवामानाबद्दल, कारण बागायतदाराच्या घरातून आलेला माणूस इथे नेमका तिथेच आपटतो. ज्याच्या घरी बाग नाही तो उलट सुटतो, त्याला विसरायला काही नसतंच.

मार्लबरो म्हणजे साउथ आयलंडचा ईशान्य कोपरा, मुख्य गाव ब्लेनम. दोन खोरी आहेत, वायराऊ आणि तिच्या दक्षिणेला आवातेरे, दोन्ही समुद्राकडे उघडणारी. १९७३ ला माँटाना या वाइन कंपनीने इथे मोठी लागवड केली तोवर हा सगळा मेंढ्यांचा मुलूख, १९७५ ला सोव्हिन्यॉन ब्लांक ही पांढऱ्या वाइनची जात लागली, आणि आज देशातल्या वाइन द्राक्षाचं साधारण सत्तर टक्के क्षेत्र इथे आहे. पश्चिमेकडून येणारा पाऊस डोंगर अडवतात त्यामुळे ब्लेनमला वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच पडतो, ठिबकशिवाय भागत नाही, आणि ऊन वर्षाला २४०० तासांच्या आसपास, म्हणजे देशातल्या सर्वात उन्हाळ गावांत गणती. हे वाचून आपल्याला वाटतं की मग कसला हा थंड प्रदेश. पण जानेवारी म्हणजे इथला भर उन्हाळा, त्यातही दुपारचं सरासरी कमाल तापमान २३-२४ अंश, कारण दुपारी समुद्रावरून वारा आत येतो आणि पारा चढूच देत नाही, रात्री आकाश निरभ्र असलं की डोंगरावरची गार हवा खाली उतरते आणि पहाटे स्वेटर लागतो. उजेड मात्र भरपूर, डिसेंबरात दिवस पंधरा तासांचा. वेलीला प्रकाश पोटभर मिळतो, उष्णता मोजून-मापून. (आणि ऊन सौम्य वाटलं तरी सनस्क्रीन लावा. इथलं अल्ट्राव्हायोलेट फार कडक आहे, आपली कातडीसुद्धा सोलते, मग रात्री झोप येत नाही.)

आता मुख्य मुद्दा. हा मी जरा लांबवणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

आपल्याकडे बागेचं वय छाटणीपासून मोजतात. "बाग किती दिवसांची झाली?" हा प्रश्न कुठल्याही पारावर ऐका. ऑक्टोबर छाटणी घेतली, पेस्ट लावली, दहाव्या-बाराव्या दिवशी फूट, चाळिशीच्या आसपास फुलोरा, आणि पुढचं फवारणीचं, डिपिंगचं (घड संजीवकात बुडवणं), विरळणीचं सगळं शेड्यूल त्या दिवसांवर. ते बरोबरच आहे, कारण नाशिकला वेल पूर्ण झोपतच नाही, कात्री लावून आणि हायड्रोजन सायनामाइड हे फूट काढणारं रसायन देऊन आपण तिला उठवतो. थोडक्यात घड्याळ आपल्या हातात असतं.

इथे ते तुमच्या हातात नाही. इथे वेल हिवाळ्यात खरोखर झोपते, पानं गळून नुसत्या काड्या उरतात, आणि छाटणी जूनपासून ऑगस्टपर्यंत सावकाश चालू असते. जूनमध्ये छाटलेला ब्लॉक (बागेचा तुकडा) आणि ऑगस्टच्या शेवटी छाटलेला शेजारचा ब्लॉक, दोन्ही फुटतात सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरच्या सुरुवातीला, जवळपास सोबतच. फारच उशिरा छाटली तर फूट काही दिवस मागे सरकते, दंव टाळायला काही जण मुद्दाम तसं करतात, पण ते तेवढंच. कात्रीने वेल उठत नाही, हवा तापली की उठते. पहिल्या वर्षी आम्हाला फुलोऱ्याचा अंदाज लिहून द्यायचा होता आणि मी सरळ प्रत्येक ब्लॉकच्या छाटणीच्या तारखा घेऊन त्यावर दिवस मांडले, कागदावर दोन ब्लॉकच्या फुलोऱ्यात दोन महिन्यांचं अंतर आलं आणि सुपरवायझर ते वाचून काही बोललाच नाही, कागद घडी करून परत दिला. तुमच्या बाबतीतही हेच होणार, कारण हे डोक्यात नसतं, हाडात असतं.

मग मोजायचं काय? उष्णता. दिवसाचं कमाल आणि किमान मिळवा, दोनाने भागा, त्यातून दहा वजा करा, जे उरलं ते त्या दिवसाचे डिग्री डे. ब्लेनमचा जानेवारीतला एक बरा दिवस घ्या, कमाल २४, किमान १३, सरासरी साडेअठरा, उरले साडेआठ. नाशिकचा मार्चमधला दिवस घ्या, ३५ आणि १६, उरले साडेपंधरा. ऑक्टोबरात तर इथे दिवसाला दोन-तीनच जमा होतात. म्हणून फुटीपासून फुलोऱ्यापर्यंत इथे सव्वादोन ते अडीच महिने लागतात, फुलोरा डिसेंबरात, मण्यात पाणी उतरतं (मणी मऊ पडून पिकायला लागतो) फेब्रुवारीत, काढणी मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. अख्ख्या हंगामाची बेरीज बाराशे-तेराशेच्या घरात. त्यात गंमत अशी की आपल्याकडे माल पिकतो तो वाढत्या उन्हात, फेब्रुवारी-मार्चला आम्ल धडाधड खाली येतं आणि तोडणीची घाई होते. इथे माल उतरत्या उन्हात, थंडीकडे जाताना पिकतो, साखर हळू चढते, आम्ल टिकतं, आणि तो हिरवा, पॅशनफ्रूटसारखा वास राहतो ज्यासाठी लोक ही वाइन घेतात.

आणि याच्याही पुढचा भाग, जो मला कुणी सुरुवातीला नीट सांगितला नाही. आपल्याकडे एप्रिल छाटणीनंतर काडीत सूक्ष्म घडनिर्मिती होते आणि ऑक्टोबर छाटणीनंतर तो घड बाहेर येतो. दोन छाटण्या, दोन कामं, वेगवेगळी. मे-जूनमध्ये ढग राहिले की काडीत घड कमी, हे आपल्या आजोबांनाही माहीत होतं, म्हणून तर आपण ऑक्टोबरआधी काडी तपासून घेतो. इथे छाटणी एकच आहे, त्यामुळे ही दोन्ही कामं एकाच फांदीवर एकाच वेळी चालतात. डिसेंबर-जानेवारीत त्या फांदीवर यंदाचा घड फुललेला असतो आणि त्याच फांदीच्या डोळ्यांत (कळ्यांत) पुढच्या वर्षीचा घड ठरत असतो. म्हणजे डिसेंबर गार गेला की यंदाची मणीगळ होतेच, वर पुढच्या वर्षीच्या घडांची संख्यासुद्धा घटू शकते. एका थंड पंधरवड्याची किंमत दोन हंगाम मोजावी लागू शकते. २०२१ च्या हंगामात वसंतातलं दंव आणि फुलोऱ्यातला गारवा जुळून आला तेव्हा देशाचं उत्पादन ३ लाख ७० हजार टनांवर आलं होतं, पुढच्याच वर्षी मात्र ते ५ लाख ३२ हजार टन, म्हणजे दर वेळी दुसरा हंगाम बुडतोच असं नाही, पण हवेचा फटका केवढा ते बघा. बाग त्याच, माणसं तीच. तेव्हा कुणी "यंदा माल कमी का?" विचारलं की आधी गेल्या वर्षीचा डिसेंबर कसा होता ते बघा, खताच्या गोणीकडे नंतर.

एवढं एक पक्कं बसलं की बाकीचं जमतं, खरंच जमतं, घाबरू नका. उलट काडी, डोळे, ओलांडा (तारेवरची आडवी फांदी) हे ज्याने लहानपणापासून हाताळलंय तो वर्गातल्या इतरांच्या पुढेच असतो.

दंवाचं मात्र हलक्यात घेऊ नका. सप्टेंबर ते नोव्हेंबर कोवळी फूट असते आणि पारा शून्याखाली दोन अंश गेला तरी ती काळी पडते. अशा रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वर थोडी उबदार असते, ती खाली ढकलायला बागेत उंच पंखे असतात, आणि जिथे पंखे नाहीत तिथे हेलिकॉप्टर बोलावतात. रात्री तीन वाजता काळोखात डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालतंय आणि तुम्ही खोलगट ओळीत थर्मामीटर बघत रेडिओवर आकडे सांगताय, हे पहिल्यांदा भारी वाटतं. नंतर नाही वाटत.

जमिनीबद्दल थोडक्यात: वायराऊ म्हणजे जुनं नदीपात्र, एकाच ब्लॉकमध्ये गोटे आणि गाळ पट्ट्यापट्ट्याने येतात, गोट्यावरचा माल आधी पिकतो. दक्षिणेकडच्या ओमाका-ब्रॅन्कॉट भागात चिकणमाती, तिथे पिनो न्वार ही लाल वाइनची जात चांगली. आवातेरे जास्त गार, वाऱ्याचं, काढणी उशिरा. रोगांत डाऊनीची (केवडा) आपली भीती इथे बरीच कमी होते, पण भुरी आणि काढणीच्या तोंडावर बोट्रायटिस (घड कुजवणारी बुरशी), या दोघांनी झोप उडते. जीएची (जिबरेलिक अॅसिड, मणी फुगवणारं संजीवक) डिपिंग विसरा, वाइनच्या बागेत मणी फुगवायचे नसतात. फवारणीची नोंद मात्र काटेकोर ठेवावी लागते, "नंतर भरू" चालत नाही, पोरांनो.

काम शिकायचं तर छाटणीतच शिका. सोव्हिन्यॉनला बहुतेक ठिकाणी चार काड्या ठेवतात, तारेच्या खाली डोक्याजवळून निघालेल्या, पेन्सिलीच्या जाडीच्या, उन्हात वाढलेल्या तांबूस काड्या निवडायच्या, पुढच्या वर्षासाठी एक-दोन डोळ्यांचे खुंट ठेवायचे, बाकी सगळं कापून तारांतून ओढून काढायचं, मग काड्या तारेवर वाकवून बांधायच्या. सावलीत वाढलेली फिकट, जाडजूड काडी मोह पाडते, ती घेऊ नका, तिच्यात घड नसतो (का ते वर सांगितलंय, डोळ्यांना गेल्या डिसेंबरात उजेड मिळालेला नसतो). मजुरी वेलीमागे असते, कायद्याने किमान वेतनाखाली जाता येत नाही, तरी आपल्या तासांची वही स्वतः ठेवा. पहिले काही आठवडे मनगट रात्री ठणकतं, व्हानुआतू-सामोआ या पॅसिफिक बेटांवरून दर हंगामाला येणारे गडी तुमच्या दुप्पट वेगाने पुढे निघून जातात, लाज वाटते, मग हळूहळू हात बसतो.

माझं वैयक्तिक मत, पटलं तर घ्या: वाइन टेस्टिंगचं सर्टिफिकेट घेऊन बागेत काम मिळेल ही समजूत काढून टाका, ते रेस्टॉरंटवाल्यांसाठी ठीक आहे. व्हॉट्सअॅपवरच्या सल्लागारांना इथल्या पानांचे फोटो पाठवून उपाय विचारू नका, ते बिचारे नाशिकच्या हवेवरून सांगतात. आणि खूप बोलणारा मेंटॉर शोधण्यापेक्षा एकाच बागेत पंधरा-वीस वर्षं राबलेला, तोंडातून शब्द न काढणारा माणूस शोधा, त्याच्या मागे ओळ धरा आणि तो कुठली काडी सोडतो ते बघा. ब्लेनमलाच एनएमआयटीत (नेल्सन मार्लबरो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) विटिकल्चरची डिग्री आहे, क्राइस्टचर्चजवळ लिंकन युनिव्हर्सिटी आहे, दोन्ही चांगल्या, पण ब्लेनमचा फायदा असा की वर्गातून बाहेर पडलं की बाग.

शेवटचं, आणि यावर घरी भांडण होणार हे धरून चाला. इथलं कॉलेज फेब्रुवारीत सुरू होतं आणि मोठी सुट्टी डिसेंबर-जानेवारीत येते, सगळी पोरं तेव्हाच तिकीट काढून लग्नसराईला गावी पळतात. पण फुलोरा तेव्हाच, मणी धरणं तेव्हाच, पुढच्या वर्षीचा घड ठरतो तोही तेव्हाच, आणि बागांना घड मोजायला, शेंडे-पानं काढायला माणसं लागतात. ती सुट्टी बागेत काढा. लग्नाला जायचंच असेल तर भावाला सांगा तारीख जूनच्या शेवटची धर, तेव्हा सत्र संपलेलं असतं आणि वेलीही झोपलेल्या असतात.