एस्टोनियात येताय? आधी भाडेकरार, मग बाकीचं

इकडे यायला निघालेली मुलं पहिल्यांदा थंडीचंच विचारतात, म्हणून ते आधी उरकते. जाड जाकीट पुण्या-मुंबईत घेऊ नका, इथे आल्यावर घ्या. बुटांचे तळ बर्फावर न घसरणारे हवेत. खरा त्रास अंधाराचा असतो. डिसेंबरात राजधानी टॅलिनमध्ये सव्वानऊला उजाडतं आणि साडेतीनच्या आत सूर्य मावळतो. अंधारात पायी चालताना कोटाला चमकणारा रिफ्लेक्टर लटकवणं कायद्याने सक्तीचं आहे. इथे त्याला ‘हेल्कुर’ म्हणतात. पहिल्याच दिवशी घ्या आणि गुडघ्याच्या उंचीवर, गाड्यांच्या बाजूला लटकवा.

आता घर. आपल्याच ओळखीतल्या कुणाकडे तरी खोली मिळते, ‘करार कशाला, आपण घरचेच’ असं म्हणतात आणि नवा मुलगा भिडेपोटी मान हलवतो. त्याला डिपॉझिट रोख द्यावं लागतं, पावती मिळत नाही. मग कळतं की करार नाही म्हणून लोकसंख्या नोंदणीत पत्ता लावता येत नाही. आणि या देशात पत्ता नोंदलेला नसेल तर दर पावलाला अडतं. टॅलिनमध्ये नोंदणी असलेल्या रहिवाशांना 2013 पासून बस-ट्राम फुकट आहे, ती तुम्हाला मिळत नाही. मुलाची बालवाडीही याच पत्त्यावर ठरते. असं एक कुटुंब माझ्या डोळ्यांदेखत चार महिने लटकलं, डिपॉझिटही बुडालं. म्हणून पुन्हा सांगते: लेखी करार हातात आल्याशिवाय एक युरोही देऊ नका, समोरचा सख्ख्या मावशीचा मुलगा असला तरी. लेखी करार असेल तर पत्ता नोंदवायला घरमालकाची वेगळी मेहेरबानी लागत नाही. भाड्यावर हीटिंग-पाण्याचं बिल वेगळं येतं, त्याचा आकडा जानेवारीचा मागा. जुलैचं बिल दाखवून घर गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत. टॅलिनच्या कालामाया भागातली जुनी लाकडी घरं फोटोत सुरेख दिसतात, पण काहींत अजून चुलाणं पेटवून घर तापवावं लागतं. लास्नामे भागातले सोव्हिएत काळातले इमारतींचे ठोकळे दिसायला रूक्ष, पण आत ऊब असते.

ओळखपत्राचे दोन पिन मिळतात. दुसरा पिन म्हणजे तुमची सही, कायद्याने हाताच्या सहीइतकीच पक्की. ‘मी भरून देतो फॉर्म’ म्हणणाऱ्या मित्रालाही तो सांगू नका.

देश केवढा? महाराष्ट्राच्या साधारण सातवा हिस्सा, आणि माणसं जेमतेम 13-14 लाख. एकट्या नाशिक शहरात याहून जास्त भरतील. सर्वांत उंच डोंगर सूर मुनामेगी, 318 मीटर. म्हणजे आपलं पुणंच त्याच्याहून उंचावर आहे! सह्याद्री पाहिलेल्या माणसाला पहिली काही वर्षं हा सपाटपणा खटकतो. मग जंगल आवडायला लागतं. निम्म्या देशात झाडीच आहे आणि कुंपण नसलेल्या जंगलात कुणीही जाऊन बेरी, अळंबी गोळा करू शकतो. ओळखीच्या एस्टोनियन बाईबरोबर गेल्याशिवाय अळंबी मात्र तोडू नका. लाहेमा राष्ट्रीय उद्यानातली विरू दलदल बघाच, पण फळ्यांच्या वाटेवरून खाली उतरू नका. सारेमा आणि हिउमा ही मोठी बेटं फेरीबोटीने गाठता येतात. सोव्हिएत काळात तिथे जायला परवाना लागायचा, सीमाभाग म्हणून.

लोक अबोल आहेत, तुसडे नाहीत. बसमध्ये शेजारी कुणी बसत नाही, त्याचा तुमच्या रंगाशी संबंध असेलच असं नाही. ते एकमेकांच्याही शेजारी बसत नाहीत. आपण मात्र ट्राममध्ये स्पीकरवर आईशी बोलतो, ते बंद करा. आणि ‘हे पूर्वी रशियातच होतं ना?’ असं चुकूनही विचारू नका. मार्च 1949 मध्ये सोव्हिएत राजवटीने चार दिवसांत वीस हजारांवर माणसं इथून सायबेरियाकडे पाठवली, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. ही गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या आजीची असतेच.

दुसरी बाजूही समजून घ्या. देशात रशियन भाषकांची वस्ती मोठी आहे आणि सीमेवरच्या नार्वात तर जवळपास सगळेच रशियन बोलतात. 1991 मध्ये देश पुन्हा स्वतंत्र झाल्यावर ज्यांनी ना एस्टोनियाचं नागरिकत्व घेतलं ना रशियाचं, त्यांच्याकडे एस्टोनियानेच ‘परकीय’ म्हणून दिलेला करड्या रंगाचा पासपोर्ट असतो. लास्नामेतली तुमची शेजारीण त्यांतली असू शकते. जेवणाच्या टेबलावर यातली कुठलीही बाजू घ्यायला जाऊ नका. नार्वात किल्ला बघताना फोनवर ‘नेटवर्क आपोआप निवडा’ हे बंद ठेवा, नाहीतर नदीपलीकडचं रशियन नेटवर्क पकडलं जातं आणि बिल बघून घाम फुटतो.

भाषा शिका. चौदा विभक्ती आहेत, पण मराठी माणसाने विभक्तीला काय घाबरायचं! पाच वर्षांनी दीर्घकालीन परवाना मागाल तेव्हा एस्टोनियन भाषेची बी-1, म्हणजे मध्यम पातळीची परीक्षा लागते. ‘ऑफिसात इंग्रजी चालतं’ म्हणत बसलेले आपले बरेच जण पाचव्या वर्षी धावपळ करताना दिसतात.

शाकाहारी असाल तर मसाले तेवढे आणा. दही, दूध, बटाटे, राय धान्याचा काळा पाव सगळं उत्तम मिळतं.

कागदपत्रांची कामं मेअखेर संपवा. 24 जूनच्या यानिपेव या उन्हाळी सणानंतर जो तो गावच्या घरी जातो आणि ऑगस्टपर्यंत ईमेलला उत्तर येईलच याचा भरवसा नाही.